दहाव्याला वाजलेली गाडी

नदीवरून उठलेलं धुकं मांजर्लीच्या आळ्यांतून अजून हललं नव्हतं. भातं झोडून झाली होती, खाचरांत वाल वीतभर वर आला होता, आणि बादलीत हात घातला की मनगटापर्यंत बधिर व्हायचं. अशा थंडीत राजू आपली टवेरा धूत होता. रोजचंच काम. आधी चाकं, मग दारं, मग काचा, शेवटी आतली धूळ. पण आज तो फडकं असं पिळत होता, जशी कुणाची तरी मानच हातात सापडलीय.

मान पिळावी अशी माणसं दोन होती. एक उल्हासनगरचा गाडीच्या रेडिओचा दुकानदार आणि दुसरा भाऊबंद रघु. तिसरं माणूस नव्हतं, मशीन होतं. गाडीच्या डॅशबोर्डात बसवलेला, बोट लावलं की चालणारा तो रेडिओचा पडदा. त्याच्याकडे राजूनं सकाळपासून बघितलंसुद्धा नव्हतं. सगळी गाडी पुसली, तेवढा पडदा तसाच ठेवला.

घरात कौसाकाकी लुगड्यांच्या घड्या करून पेटीत भरत होती. उद्या तिच्या नवऱ्याचं, कोंडाजीकाकाचं, तेरावं. ते झालं की परवा रघुची जीप येणार आणि काकी वांगणीला लेकीकडे, तेजलकडे, निघून जाणार. पाहुणी म्हणून नव्हे, राहायलाच. राजूच्या गाडीत तर ती पायही ठेवणार नव्हती. हे तिनं दहाव्याला नदीकाठीच सांगून टाकलं होतं, सगळ्या भावकीच्या देखत.

राजू तिचा पोटचा नव्हे, दिराचा. राजूचा बापूस तो रांगत असताना गेला, आईनं पुढं दुसरं घर केलं, आणि पोरगं कौसाबाईच्या पदराखाली आलं ते तिथंच वाढलं. तोंडानं काकी म्हणायचा, पण ताप आला की हाक ‘आये’ अशी यायची. पोरगं कष्टाळू, पण डोकं असं की तव्यावर पाणी शिंपडावं. शाळेत मास्तरनं कान धरला म्हणून तिसऱ्या दिवशी शाळा सोडली. कोंडाजीनं पाठीत दोन घातल्या तेव्हा परत गेला. पुढं अंबरनाथला एमआयडीसीत फिटर म्हणून लागला. तिथल्या जुन्या फिटरनं त्याला एकच मंत्र दिला होता, की गंजलेल्या स्क्रूला आधी तेल, मग शिवी. तेल नसलं तर दोन शिव्या. राजूला हे इतकं पटलं की त्याचा राग आणि त्याचे हात एका दावणीला बांधल्यासारखे झाले. चिडल्याशिवाय त्याच्याकडून धड काम होत नसे.

कारखाना बंद पडला तेव्हा गेटवर बसून घसा बसेस्तोवर ओरडला, आणि घरी येऊन डबा भिंतीवर आपटला. पोचे पडलेला तो डबा कोंडाजीनं उचलून फळीवर ठेवला. त्या दिवसांत रस्त्याकडच्या जमिनी बिल्डर लोक शोधत फिरत होते. कोंडाजीनं एक तुकडा देऊन टाकला आणि अंगणात टवेरा उभी केली. ‘घे, आथा हिच्यावर कमव,’ एवढंच म्हणाला.

आणि मग स्वतःच तिच्यात जाऊन बसायला लागला. भाडं नसलं की गाडी अंगणात उभी असायची आणि म्हातारा पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून, तळहातावर तंबाखू मळत. लग्नाची गिऱ्हाइकं डीव्हीडीवाली गाडी मागायला लागली म्हणून राजूनं उल्हासनगरहून तो पडदा आणून बसवला, तेव्हा जास्त खूश कोंडाजीच झाला. त्याला अक्षरओळख नव्हती आणि डावा कान पुरता गेला होता. पडद्यावरच्या साऱ्या चित्रांतलं त्याला एकच ठावं होतं. खालच्या उजव्या कोपऱ्यातली अधिकाची खूण. ती दाबली की आवाज वाढतो. अंगठ्याचं नख रोवून तो ती दाबत बसायचा.

राजू ओरडायचा, की काका, नुसतं बोट लावायचं, नख नाही मारायचं.

“मंग काय तुज्या रेडिओला गुदगुल्या करू?” म्हातारा म्हणायचा आणि पुन्हा नख मारायचा.

पावसाळा सरता सरता पडदा बिघडला. गाडी सुरू केली की आवाज आपोआप चढायचा. कमी करावा तर चार घरं खाली यायचा आणि परत वर. बोट लावावं एकीकडे, तर पडदा ऐकायचा भलतंच. एका नवरदेवाच्या मामानं अर्ध्या वाटेत उतरून रिक्षा केली. राजू तरातरा उल्हासनगरला गेला. दुकानदारानं पडदा दाबून बघितला आणि सांगितलं की पीस चांगला आहे, वरची टचची काच गेली, ती नवी टाकावी लागेल. काचेची गॅरंटी नसते. राजूनं भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर, त्याला लबाड ठरवलं. डुप्लिकेट माल विकतोस म्हणाला, आणि काच न घेताच निघून आला. मग हंगाम सुरू झाला, तुळशीची लग्नं लागली, हळदीची भाडी मिळायला लागली. आवाज तसाही मोठाच हवा असायचा. दुखणं अंगावर काढावं तसं त्यानं ते काढलं.

आणि कोंडाजी गेला. संध्याकाळचा चहा घेतला, भिंतीला टेकला, तो टेकलेलाच राहिला.

क्रिया राजूनंच केली. दहाव्याला उल्हास नदीच्या काठी सारी भावकी जमली. राजू डोकं भादरलेला, ओल्या पंचानं कुडकुडत पिंडासमोर उभा. वर करंजाच्या झाडावर कावळे येऊन बसले होते. बाया काठावर, पुरुष खाली. रघु हळूच जवळ आला आणि मोबाइल चार्जिंगला लावायचाय म्हणून गाडीची चावी मागून घेऊन गेला. अशा वेळी कोण कशाला नाही म्हणतं.

एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला. मान वाकडी करून भाताकडे बघायला लागला. काकीनं हात जोडले. आणि काठावर उभ्या असलेल्या टवेरात रघुनं चावी फिरवली.

आत आदल्या हळदीची सीडी तशीच होती. आवाज राजूनं शून्यावर नेऊन लगेच चावी काढली होती, त्याला पक्कं आठवत होतं. पण तो पडदा जागा झाला आणि त्यानं आपणहून आवाज चढवायला सुरुवात केली. आधी कुठंतरी दूर बेंजो वाजल्यासारखं, मग ढोल, आणि मग नवरीला हळद लावण्याचं गाणं असं काही उसळलं की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करून बघायला लागली. कावळा उडाला. करंजावरचे सगळेच उडाले. राजू ओल्या पंचानिशी वर धावला, पडद्यावर बोटं मारली, मूठ मारली. आवाज चढतच होता. शेवटी त्यानं चावी उपटली.



कावळे परत आले नाहीत. राजूनं हात जोडून कबूल केलं, काकीला अंतर देणार नाही. तेजलचं माहेर तुटू देणार नाही. राहिलेली जमीन विकणार नाही. आणखी काय काय बोलला ते त्यालाही आठवत नव्हतं. ऊन चढलं. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे गुपचूप उठले. तेव्हा रघु बोलला, कुणाकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हाताऱ्याला काहीतरी सांगायचं होतं, पण राजूच्या डीजेनं ते सांगू दिलं नाही. चावी कुणी फिरवली, त्याचा उच्चार नाही.

कौसाकाकीनं ते ऐकलं. ती राजूजवळ आली आणि बारीक आवाजात, पण सगळ्यांच्या देखत म्हणाली, “ज्या गाडीनं त्याच्या तोंडचा घास हिसकला, त्या गाडीत मी मेल्याशिवाय बसनार नाय. नि तुज्या घरातपन मना र्‍हायचा नाय.”

घरी ती रघुच्या जीपमधून आली.

हे सगळं आठवत राजूनं फडकं बादलीत आपटलं. बायको मालिनी चहा घेऊन दारात आली, त्याचं तोंड बघून कप कट्ट्यावर ठेवून परत गेली. त्यानं चहा घेतला नाही. गाडी काढली आणि सुटला तो थेट उल्हासनगर.

बाजार नुकता उघडत होता. दुकानदार उंबऱ्यावर पाणी शिंपडून उदबत्ती फिरवत होता. राजू वाटेत साऱ्या शिव्या घोकत आला होता. मापात, एकामागं एक, स्क्रू लावून ठेवावेत तशा. पण दुकानदारानं वळून त्याचं भादरलेलं डोकं बघितलं आणि उदबत्ती खाली घेतली.

“घरात कोन?” त्यानं विचारलं.

काका, राजू म्हणाला. दुकानदारानं स्टूल ओढून दिलं, समोरच्या टपरीला दोन बोटं दाखवून चहा मागवला. राजूला जास्तच संताप आला. भांडायला आलेल्या माणसाच्या हातात कुणी चहा देत असतं का? तो गरम ग्लास धरून बसला आणि घोकलेल्या शिव्या एकेक करून त्याच्या घशात विरघळत गेल्या. तेवढ्याचाही त्याला राग आला.

दुपारी मेकॅनिक येईल, तो काच बदलून देईल, गाडी ठेवून जा, असं दुकानदार म्हणाला. राजूला ते नको होतं. दुसऱ्याच्या हातानं बदललं असतं तर त्याचं डोकं शांत झालं नसतं. माझी मी बसवीन म्हणाला. मग दुकानदारानं नवी काच काढली आणि तिची कागदासारखी पातळ पट्टी दाखवली. सगळा खेळ हिचा. ही ओढायची नाही, मोडायची नाही. ती जिथं बसते तिथं काळी खिट्टी असते. नखानं उचलायची, पट्टी पुरी आत सारायची, खिट्टी दाबायची.

“आनि गुस्सा बाहेर ठेवून खोल भाऊ,” तो म्हणाला. “मशीन को समजता है.”

राजू घरी आला तेव्हा धुकं विरलं होतं. अंगणात बारदान पसरून त्यानं हत्यारं मांडली. आधी बॅटरीची वायर काढली. मग डॅशबोर्डची प्लास्टिकची चौकट बोटांनी उचकटली. ती करकरली तेव्हा तिला पहिली शिवी. चौकटीमागच्या चार स्क्रूंना चार. चौथा फिरेना, त्याला एक जास्तीची. ओटीवर कौसाकाकी तेराव्याच्या वड्यांसाठी तांदूळ आणि उडीद निवडत बसली होती. तिनं एकदाही अंगणाकडे बघितलं नाही, पण प्रत्येक शिवीला तिच्या सुपातला हात थांबत होता.

रेडिओचा डबा बाहेर ओढून मागच्या वायरींचा झुपका सोडवत असतानाच रघु आला. काकीची पेटी भरून झाली का ते बघायला आला होता. उघड्या पडलेल्या डॅशबोर्डकडे बघून हसला.

“दाताडं पाडलेल्या म्हाताऱ्यासारकी दिसते रं गाडी.”

राजू वायरी सोडवतच राहिला.

“नवीन टाकून तरी काय करतंस? काकी काय बसनार हाय?”

“चावी कुनी फिरवली ता सांग काकीला.”

“मी मोबाइल लावला. गाना लावला काय मी?”

“चावी कुनी फिरवली?” राजू उभा राहिला. हातात स्क्रूड्रायव्हर होता, ते त्याच्या ध्यानात नव्हतं. रघुच्या ध्यानात होतं. त्यानं ओटीकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि परवा सकाळी जीप आणतो म्हणत वाटेला लागला. काकीचा हात सुपात थांबलेला होता. मग पुन्हा चालायला लागला.

राजूनं डब्याचा पुढचा भाग सुटा केला. जुनी काच आतल्या पडद्यावर गोंदाच्या पट्टीनं चिकटलेली होती. ती सुटावी म्हणून त्यानं ती उन्हात ठेवली आणि समोर उकिडवा बसला. गोंद मऊ व्हायची वाट बघायची म्हणजे चिडायलाही काही हाताशी नाही, असले ते क्षण. शेवटी दाढीच्या ब्लेडचं पान कडेनं सरकवत नेलं. वरची कड सुटली, डावी सुटली, उजवी अर्धी सुटली. खालच्या उजव्या कोपऱ्यात पान अडकलं.

त्यानं जोर केला नाही. वाकून बघितलं. चौकट आणि काच यांच्या फटीत काहीतरी पांढरं, दगडासारखं घट्ट बसलं होतं. त्याच्याखाली काचेवरचा पातळ पापुद्रा दबून बसलेला. पानाच्या टोकानं त्यानं ते खरवडलं. पांढरं पीठ सुटलं. पिठात तपकिरी कण. नाकाशी नेलं.

तंबाखू. चुना आणि तंबाखू.

पापुद्र्यावर त्या कोपऱ्यात नखाच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, एकीत एक, इतक्या की काच तिथं धुरकट झाली होती. राजूला सगळं कळायला डोळा मिटायचा अवकाश लागला. म्हातारा चुन्याचा अंगठा न पुसता अधिकाची खूण दाबत राहिला होता. चुना फटीत गेला, पावसाळी दमटपणात भिजला, सुकला, घट्ट झाला, आणि अंगठ्याच्या जागी आपणच ती खूण दाबून बसला. दिवसरात्र. आवाज वाढव, आवाज वाढव. दुकानदाराचा पीस चांगलाच होता. रघुनं फक्त चावी फिरवली होती. दहाव्याला गाडी वाजवली ती कोंडाजीनं.

राजू उठला आणि अंगणाच्या मध्यावर उभा राहून ओरडायला लागला. आभाळाकडे नव्हे, गाडीच्या पुढच्या रिकाम्या सीटकडे बघून. म्हाताऱ्या, म्हणाला, तुला किती वेळा सांगितलं, किती वेळा. स्वतःच्या पिंडावर स्वतःच ढोल वाजवलास आणि मला साऱ्या भावकीत उघडा पाडलास. त्यानं गेलेल्या माणसाला अशी अशी नावं ठेवली की मालिनी आतून धावत येऊन दारातच थबकली.

कौसाकाकी सूप खाली ठेवून ओटीवरून उतरली. “कुनाला बोलतंस? तेरावा नाय झाला त्याचा अजून.”

राजूनं काच उरलेल्या गोंदातून ओढून काढली आणि तिच्या हातावर ठेवली. मग बोट लावून एकेक दाखवलं. ही अधिकाची खूण इथं यायची. ही त्याची नखं. हा त्याचा चुना. हा दाबलेला राहिला म्हणून आवाज आपोआप चढायचा.

काकीनं काच उन्हात धरली. कोपरा नाकाशी नेला. तिला त्या चुन्याची ओळख पटवून द्यायची गरज नव्हती. तो तिनं दाराच्या चौकटीवरून खरवडला होता, उशांच्या अभ्र्यांवरून घासला होता, गाईच्या शिंगावरून, पोथीच्या पाटावरून, तेजलच्या लग्नात नव्या शालूच्या पदरावरून. जन्मभर ती एकच गोष्ट सांगत आली होती, की अंगठा पूस. तिच्या गालाचं हाड हललं. बारा दिवस रडरड रडलेली ती बाई, पण आता तिच्या तोंडावर जे आलं ते रडणं नव्हतं.

“जित्तेपनी माजा ऐकला नाय,” ती म्हणाली. “मेल्यावर कावल्याला तरी येऊ द्यायचा. ता पन नाय. सोताच हाकलला. नि मी या पोराला शाप देत बसले.”

पुढं ती बराच वेळ बोलत राहिली. काच हातात धरून, तिच्याशीच. कुठल्या साली त्यानं कुठला पितळी तांब्या चुन्यानं डागवला इथपासून. अंगणात शेजारच्या दोघी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही तिनं त्यात ओढलं. राजूला वाटलं ती काच जपून ठेवील, गेलेल्या माणसाची खूण म्हणून. काकी चालत परसात गेली आणि तिनं काच उकिरड्यावर भिरकावून दिली. लुगड्याला हात पुसत परत आली.

“बसव तुजी नवीन,” म्हणाली, आणि सूप उचलून अंगणातच, बारदानाच्या कडेला बसली.

राजूनं आतला पडदा मऊ फडक्यानं पुसला. नवी काच चारी कडांनी जुळवून दाबली. काळी खिट्टी नखानं उचलून पट्टी आत सारली. डबा जागेवर गेला, वायरी लागल्या, बॅटरी जोडली, चावी फिरवली. पडदा उजळला, पण बोट लावलं तर ढिम्म. त्यानं स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न वाजला आणि शेजारणी दचकल्या. परत बॅटरी, परत चौकट, परत चार स्क्रू. पट्टी अर्धीच आत गेली होती. या खेपेला त्यानं शिवी दिली नाही. श्वास रोखून पट्टी पुरी सारली आणि खिट्टी टचकन बसली.

नव्या काचेला जागा कळाव्यात म्हणून पडद्यावर खुणा आल्या, पडद्यानं दाखवल्या त्या क्रमानं राजूनं त्या एकेक दाबल्या. मग आवाज शून्यावर नेला आणि बोट काढून घेतलं. सीडी फिरत होती. आत हळदीचं गाणं चालू असणार, पण ऐकू काहीच येत नव्हतं. तो पडद्याकडे बघत राहिला. काकीही बघत होती. शून्य शून्यावरच राहिलं.

“ती सीडी काढ पयली,” ती म्हणाली. त्यानं काढली.

मालिनीनं निवडलेले तांदूळ आणि उडीद डब्यात भरून आणून ठेवले. गिरणी दुपारी बंद होते, आत्ताच दळून आणा म्हणाली. राजूनं डबा उचलला. काकी गुडघ्यावर हात रेटून उठली.

“तो गिरनवाला भरड दलतो. वडं फाटतात. मी येतंय.”

राजू डबा घेऊन गाडीकडे निघाला. बोलला असता तर ती कदाचित परत बसली असती. काकी गाडीला वळसा घालून पुढच्या दारापाशी आली, पायरीवर पाय ठेवला, वर चढायला जरा धडपडली आणि पुढच्या सीटवर बसली. डबा मांडीवर घेतला. अंगठ्यानं सीटची कड चाचपली, तिथलाही पांढरा डाग तिला दिसला असणार, कारण ती पुन्हा पुटपुटायला लागली.

वळणावर आल्यावर तिनं सांगितलं, की रघुला फोन कर, परवा जीप नको. वांगणीला तूच सोड. चार दिवस तेजलकडे राहीन आणि मग येईन. राजूनं मान हलवली. घसा बसला होता, सकाळभर ओरडून.

गिरणीवर दोन डबे रांगेत होते. गिरणवाल्यानं काकीला बसायला पोतं दिलं आणि कोंडाजीचं विचारलं. तिनं उलट गिरणीचे दगड किती घट्ट आवळलेत ते विचारलं. मागच्या होळीला त्यानं तिचं पीठ कसं दळलं होतं ते ती त्याला सांगायला लागली. राजूनं डबा उचलून काट्यावर ठेवला आणि वजनाचा काटा स्थिर व्हायची वाट बघत उभा राहिला.